शाळेचे सभागृह कसे असावे ?

शाळेच्या कार्यालयाबाहेरील भिंतीवर गेले काही महिने एक मोठा रंगीत आराखडा लावलेला आहे. मधल्या सुटीत मुले त्याच्यापुढे घोळका करून उभी राहतात आणि रंगमंच कोठे, प्रवेशद्वार कोठे, आपला वर्ग कोठे बसणार, याची चर्चा करतात. आपल्या नियोजित सभागृहाचा तो आराखडा होय. माजी विद्यार्थ्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या, व्यवस्थापक मंडळाने परिश्रम घेतले आणि अनेक वर्षांचे स्वप्न एकदाचे कागदावर उतरले, याबद्दल आम्हां सर्वांस धन्यता वाटते. सभागृह हवे, याविषयी गावात दुमत नाही. ते कसे हवे, याविषयी मात्र दोन मते आहेत. आणि येत्या पालकसभेत त्यांतील एक स्वीकारले जाणार आहे. त्यापूर्वी आमचे मत मुलांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

भिंतीवरील आराखड्यात सिमेंट-काँक्रीटची चौकोनी इमारत आहे. वर सपाट स्लॅब, दोन्ही बाजूंना न उघडणारी काचेची तावदाने, आत वातानुकूलन यंत्रे, आणि आज जेथे फणसाचे जुने झाड उभे आहे तेथे वाहने ठेवण्याची जागा. दुसरे मत असे की, सभागृह चिऱ्याचे असावे, त्यावर कौलारू छप्पर असावे, भोवती रुंद पडवी असावी आणि फणस जेथे आहे तेथेच राहावा. आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहोत. मात्र आमचे हे मत जुन्याच्या हौसेतून जन्मलेले नाही. ते एका चुकीतून जन्मले आहे, आणि ताकाला जाऊन भांडे कशाला लपवावे ? ती चूक आमचीच होती.

ज्या लांबट खोलीला आपण उदारपणे 'हॉल' म्हणतो, तिच्यावर पूर्वी मंगळुरी कौले होती. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तिची शाकारणी करावी लागे. फुटकी कौले बदलायची, सरकलेली पुन्हा बसवायची, कुजलेली एखादी रीप काढून नवी ठोकायची. एका वर्षी शाकारणीला माणूस वेळेवर मिळाला नाही, पहिल्याच पावसात पुस्तकांच्या कपाटावर पाणी गळले, आणि "ही दर वर्षीची कटकट एकदाची मिटवू या" असा विचार शिक्षकांच्या बैठकीत निघाला. कौले उतरवून पत्रे घालावेत, या ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता.

पत्रे आले, आणि कटकट मिटली असे आम्हांस वाटले. मग जून उजाडला. पावसाची पहिली मोठी सर पत्र्यांवर कोसळली तेव्हा आम्ही नववीच्या वर्गाला कविता शिकवीत होतो. फळ्यापाशी उभ्या असलेल्या आम्हांस स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मुलांनी हसत हसत वह्या मिटल्या. तेव्हापासून पावसाळ्यात त्या खोलीतील अध्यापन पावसाच्या मर्जीने चालते, आणि एप्रिल महिन्यात दुपारी तिथे बसणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणे होय. आता त्या पत्र्यांना गंज चढून भोके पडू लागली आहेत. कौल फुटले तर एक कौल बदलता येत असे. पत्रा कुजला की सबंध पत्राच उतरवावा लागतो, आणि त्यासाठी शहरातून माणसे यावी लागतात. वर्षाकाठी एका दिवसाची कटकट टाळण्यासाठी आम्ही वर्षभराची कटकट विकत घेतली.

या अनुभवाने आम्हांस 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ नव्याने शिकविला. आपण समजतो की, जे झिजत नाही ते टिकाऊ. परंतु या जगात न झिजणारे असे काय आहे ? लोखंड गंजते, सिमेंटला तडे जातात, लाकडाला वाळवी लागते. आमच्या मते, ज्याची झीज आपल्याला आपल्या हातांनी भरून काढता येते ते टिकाऊ. सभागृहाच्या प्रश्नाचा निकाल या एकाच कसोटीवर लावावा, असे आमचे म्हणणे आहे.

या कसोटीचे सर्वांत विलक्षण उदाहरण जपानात आहे. इसे या गावचे शिंतो पंथाचे पुरातन देवालय लाकडाचे असून ते दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात. २०१३ मध्ये हे पुनर्निर्माण ६२ व्या वेळी झाले. त्या मंदिराचे लाकूड काही शतकांचे नाही, परंतु ते उभारण्याची विद्या शतकानुशतके हातातून हातात आली आहे. आपल्याकडे सेवाग्रामची गोष्ट अशीच आहे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहावयास गेले तेव्हा झोपडी परिसरातील सामग्रीची व परिसरातील कारागिरांनी बांधलेली असावी आणि तिला ५०० रुपयांहून अधिक खर्च येऊ नये, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कौले यांची ती वास्तू आजही उभी आहे. ती न झिजणारी म्हणून उभी नाही. माणसे तिची निगा राखतात म्हणून उभी आहे.

दुसऱ्या पक्षाच्या या योजनेला कोणीतरी 'सेंद्रिय सभागृह' असे नाव दिले, आणि दहावीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस गंभीर चेहऱ्याने विचारले, "सर, म्हणजे त्याला शेणखत घालायचे का ?" वर्ग हसला, आम्हीही हसलो; पण प्रश्न उत्तर मागणारा होता. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) यांनी 'सेंद्रिय वास्तुकला' ही कल्पना आयुष्यभर मांडली. शरीराचे अवयव जसे एकमेकांशी आणि शरीराशी जोडलेले असतात, तशी इमारत तिच्या जमिनीशी, हवेशी आणि तिच्यातील माणसांच्या व्यवहाराशी जोडलेली असावी, हा तिचा गाभा. त्यांच्याकडे शिकून आलेले सुरतेचे नारी गांधी (१९३४–१९९३) यांनी कोकण किनाऱ्यावर आणि लोणावळ्यास अशी घरे बांधली. आराखड्यांचे कागद बाजूस ठेवून ते प्रत्यक्ष जागेवर गवंड्या-सुतारांबरोबर उभे राहून काम करीत. तेव्हा 'सेंद्रिय' म्हणजे शंखाच्या किंवा पानाच्या आकाराची इमारत नव्हे. जी दुसऱ्या गावी नेऊन ठेवली तर तेथे अनाथ वाटेल, ती इमारत सेंद्रिय.

हे सांगणे अशासाठी आवश्यक झाले की, एका उत्साही माजी विद्यार्थ्याने आम्हांस इंडोनेशियातील बाली बेटावरच्या एका शाळेची छायाचित्रे दाखविली. तेथील मुख्य वास्तू सर्वस्वी बांबूची आहे. शंखाच्या वळशांसारखी तीन छपरे एकमेकांत गुंफलेली असून त्यांवर गवत शाकारलेले आहे. पाहून डोळे निवतात. परंतु "आपणही हुबेहूब असेच करू" ही सूचना आम्हांस मान्य नाही. बालीतील कारागिरांच्या हाती पिढ्यानुपिढ्यांची बांबूची विद्या आहे. आपल्या गावातील गवंड्याच्या हाती चिऱ्याची आहे. बालीचा बांबूमंडप येथे आणून उभा केला, तर तोही काचेच्या पेटीइतकाच परका ठरेल आणि त्याचा एक वासा मोडला तरी आपण विमानाची वाट पाहत बसू.

मग आपल्याजवळ काय आहे ? सर्वप्रथम पायाखालचा दगड. ज्याला मराठीत जांभा म्हणतात आणि आपण चिरा म्हणतो, तो या भूमीचे खास अपत्य आहे. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी खडकातील विरघळणारी द्रव्ये हजारो वर्षे धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, आणि त्यांचा हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारच्या प्रवासात तो पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीत असता हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे ठोकळे पाडता येतात. बाहेर काढून वाऱ्याला ठेवला की तो कठीण होत जातो. निसर्गाने तयार करून ठेवलेली, भट्टीत न भाजता पक्की होणारी ही वीट आहे.

याच दगडाची एक शाळा आफ्रिकेतही आहे. बुर्किना फासो या देशातील फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये गांदो या आपल्या जन्मगावी मातीच्या विटांची प्राथमिक शाळा बांधली. गावकऱ्यांनी पाणी वाहिले, मुलांनी दगड आणले. पुढे कुदुगू शहरात त्यांनी जांभ्याच्या ठोकळ्यांची माध्यमिक शाळा उभारली. ती २०१६ मध्ये पूर्ण झाली. २०२२ मध्ये वास्तुशिल्पाचे जगातील श्रेष्ठ पारितोषिक, प्रिट्झ्कर, केरे यांस मिळाले; ते मिळविणारे ते पहिले आफ्रिकी होत. आम्हांस लज्जित करणारी गोष्ट याहून वेगळीच आहे. गांदोच्या शाळेवरही पत्राच आहे ! परंतु तो वर्गाच्या माथ्यावर सरळ ठोकलेला नाही. खाली विटांचे सच्छिद्र आढे, मध्ये मोकळी जागा, आणि त्यावर उंच उचललेला पत्रा. त्यामुळे वर्गातील उष्ण हवा त्या फटीतून निघून जाते. म्हणजे दोष पत्र्याचा नव्हता. विचार न करता तो ठोकणाऱ्यांचा होता.

चिऱ्याची बाजू मांडताना त्याचा दोषही लपविता कामा नये. चिरेखाणींतून दगड काढून झाला की खोल खड्डे उघडेच राहतात, पावसात ते तुडुंब भरतात, आणि अशा खड्ड्यांत बुडून मुलांचे प्राण गेल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतो. शाळेचे सभागृह उभे करताना कोठेतरी मुलांसाठी मृत्यूचा खड्डा खणला जाणार असेल, तर ते सभागृह आम्हांस नको. म्हणून आमची सूचना अशी की, शक्य तितका चिरा पाडलेल्या जुन्या घरांचा घ्यावा. गावात अशी घरे थोडी नाहीत, आणि एकदा वापरलेला चिरा पुन्हा घडवून वापरता येतो. उरलेला चिरा परवाना असलेल्या आणि खड्डा बुजवून देणाऱ्या खाणीतूनच घ्यावा, आणि तसे करारात लिहून घ्यावे. जुने साहित्य वापरण्यात कमीपणा नाही. केरळात अर्धे आयुष्य वेचून साधी, सुंदर आणि स्वस्त घरे बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) जुन्या घरांची दारे-खिडक्या हौसेने मिळवून नव्या घरांना लावीत, आणि झाड तोडण्याऐवजी भिंतीला वळण देत. आमच्या फणसाच्या बाजूने एवढा साक्षीदार पुरेसा आहे.

आता छपराकडे वळू. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात सपाट छप्पर म्हणजे पावसाला दिलेले आमंत्रण होय. म्हणूनच स्लॅबच्या घरांवर चार-पाच वर्षांत पत्र्याची दुसरी छपरे चढलेली आपण गावोगाव पाहतो. आपल्या पूर्वजांनी उतरती पाखी आणि लांब वळचणी केल्या त्या शोभेसाठी नव्हेत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर चपटी, खाचा असलेली, एकात एक बसणारी ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांच्या फटींतून घर श्वास घेते, आणि पावसाचा आवाज त्यांवर बोलतो, ओरडत नाही.

त्याच पावसाचा हिशेब गणिताच्या तासाला करून पाहण्याजोगा आहे. आराखड्यातील सभागृह २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. म्हणजे ३०० चौरस मीटर. त्यावर तीन मीटर पाऊस पडला तर ९०० घनमीटर, अर्थात ९ लक्ष लिटर पाणी झाले. वाया जाणारे सोडून निम्मे धरले तरी साडेचार लक्ष लिटर उरते. ते पन्हळींनी गोळा करून, गाळून, काही टाकीत आणि बाकीचे शाळेच्या विहिरीच्या आसपास जमिनीत मुरविले, तर मे महिन्यात ज्या विहिरीच्या तळाशी आपण पोहरा आपटतो तिला थोडा तरी दिलासा मिळेल. जे छप्पर आपल्याला पावसापासून वाचविते तेच पाऊस आपल्यासाठी राखूनही ठेवील.

नैसर्गिक सामग्रीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक तारीख मात्र कधी विसरू नये. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील एका शाळेला आग लागली, गवताने शाकारलेले छप्पर पेटून कोसळले आणि ९४ बालके दगावली. तेव्हा शाळेवर गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर नको, ही आमच्या दृष्टीने न बदलणारी अट आहे. कौल पेटत नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. दोन बाजूंना दोन रुंद दारे असावीत, ती बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत आणि कार्यक्रमाच्या वेळी त्यांना कडी नसावी. त्याचप्रमाणे २०२१ च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला तेव्हा सत्तरी आणि डिचोली भागात अनेक मातीची घरे कोसळली. तेव्हा उघड्या मातीच्या भिंती येथे नकोत, आणि जोते चांगले उंच हवे. छपराच्या कैच्या लाकडाऐवजी लोखंडाच्या केल्या, पायात आणि पट्ट्यांत गरजेपुरते काँक्रीट वापरले, तरी आमची हरकत नाही. आमचे वैर सिमेंटशी नाही. ते विचार न करता ओतल्या जाणाऱ्या सिमेंटशी आहे. मनुष्याच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू केवळ सिमेंटच्या निर्मितीतून जातो. जेथे त्याच्यावाचून चालते तेथे ते टाळणे हा विज्ञान शिकलेल्या माणसाचा धर्म आहे.

सभागृह हे डोळ्यांपेक्षा कानांसाठी अधिक असते, हे आपण सहसा विसरतो. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह उघडले, आणि तेथे वक्त्याचा एकही शब्द धड ऐकू येईना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही; तोवर वक्ता पुढच्या वाक्यावर गेलेला असे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर हा दोष शोधण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणाव्या, त्या मांडून आवाज किती वेळ टिकतो ते मोजावे, आणि पहाटेपूर्वी त्या परत पोहोचवाव्या. त्यातून ध्वनिशास्त्राचा एक मूलभूत नियम हाती लागला : खोली जितकी मोठी तितका आवाज अधिक घुमतो, आणि तिच्यात ध्वनी शोषणाऱ्या वस्तू जितक्या अधिक तितका कमी. ध्वनिशोषणाचे त्याने कोणते माप घेतले असेल ? उघडी खिडकी ! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण.

आता या नियमाने आपला आराखडा तपासून पाहावा. समोरासमोर गुळगुळीत भिंती, वर सपाट स्लॅब, बाजूंना काच, आणि खिडक्या तर उघडणारच नाहीत. घोषणा घुमेल, संवाद ऐकू येणार नाही. मग ध्वनिवर्धक मोठा करावा लागेल, आणि तो घुमू नये म्हणून भिंतींना आणखी काही चिकटवावे लागेल. याउलट मार्दोळच्या श्रीम्हाळसेच्या देवालयाचा सभामंडप आठवावा. कोरीव लाकडी खांब, वर उतरते छप्पर, अंगाखांद्यावर वारा खेळता. आपल्या गावोगावच्या देवळांत उत्सवाच्या रात्री मराठी नाटके होत आली ती अशाच मंडपांत. ज्या भूमीने दीनानाथ मंगेशकरांसारखा गायक-नट दिला, तिच्या मुलांना आपला स्वाभाविक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याचा सराव मिळू नये, हे आम्हांस खटकते. कौले, लाकडी रिपा, सच्छिद्र चिरा, काथ्याच्या चटया आणि दोन्ही बाजूंच्या उघडणाऱ्या खिडक्या यांनी हे काम साधेल.

उष्म्याचा प्रश्नही याच रीतीने सुटतो. सभागृहाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन केवळ आखूड भिंतींवर पडेल. भोवती दहा फूट रुंद पडवी असावी. तिच्यामुळे भिंतीवर ना ऊन ना पाऊस. छपराच्या माथ्याशी उष्ण हवा निघून जाण्यास वाट असावी. पणजीत मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी कला अकादमीची वास्तू निर्माण केली, तेव्हा रस्त्यावरून निघालेला माणूस इमारतीच्या सावलीतून थेट नदीपर्यंत चालत जाईल अशी मोकळी वाट तिच्या पोटातून ठेवली. वाऱ्याला वाट दिली की माणसालाही मिळते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा अनेक गावे विजेवाचून राहिली, हे सर्वांना स्मरत असेल. अशा प्रसंगी गावकऱ्यांना आसरा देण्याचे काम शाळेच्या सभागृहाकडेच येणार. ज्याच्या खिडक्या उघडत नाहीत असे सभागृह वीज गेल्यावर माणसांना कसा आसरा देईल ?

आमच्या विरुद्ध पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे आम्ही शेवटी ठेवले आहे. ते म्हणतात, "हे सर्व ठीक आहे; पण दर वर्षी शाकारणी कोण करणार ? माणसे मिळत नाहीत म्हणून तर पत्रे घातले." हा आक्षेप आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही, कारण एके काळी तोच आमचाही आक्षेप होता. याचे उत्तर आम्हांस कोणत्या ग्रंथात मिळाले नाही. ते आमच्या मातृभाषेत मिळाले.

आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. दोन्ही अंगणांत आम्ही वाढलो. कोंकणीत 'मांड' असा एक शब्द आहे. पौष महिन्यात रात्री गावच्या बायका ज्या जागी जमून धालो खेळतात, शिगम्याला जेथून वाजत-गाजत मेळ निघतो, तो मांड. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही. जागा कोणाच्याही अंगणातील असो. त्या रात्री ती सबंध वाड्याची असते. आणि धालो सुरू होण्यापूर्वी बायका काय करतात ? मांड झाडतात आणि शेणाने सारवतात. ती सारवण पुढल्या वर्षापर्यंत टिकणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या पुन्हा सारवतात. सारविल्याने जागा स्वच्छ होते हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, सारविल्याने ती जागा आपली होते. ज्या दिवशी सारवणे थांबेल त्या दिवशी मांड उरणार नाही, केवळ अंगण उरेल.

शाकारणीची कटकट म्हणून आम्ही जी टाळली, ती वास्तविक शाळेची सारवण होती. माणसे मिळेनाशी झाली हे खरे. पण आम्ही तरी ती घडविली कोठे? म्हणून आमची सूचना अशी. सभागृहासाठी जमलेल्या निधीचा काही भाग बाजूला काढून त्याच्या व्याजातून देखभाल व्हावी. वातानुकूलनाची यंत्रे आणि त्यांचे दरमहाचे बिल यांपेक्षा हा बोजा जड होणार नाही. आणि मे महिन्याचा एक रविवार शाळेचा शाकारणी-दिन ठरावा. छपरावर चढण्याचे काम जाणत्या कारागिरांनीच करावे. मुलांनी एकही पायरी चढू नये. परंतु खाली रांग लावून कौले हातोहात देणे, ती घासून धुणे, फुटकी वेगळी काढणे, पन्हळींतील पाला उपसणे ही कामे मुले, पालक आणि आम्ही शिक्षक आनंदाने करू शकू. गावातील दोन-चार तरुणांनी त्या कारागिरांच्या हाताखाली उभे राहून ती विद्या उचलावी. इसेच्या सुतारांनी जे राखले ते आपल्या गवंड्यांना राखता येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, हे मागे जाणे आहे. तसे असते तर आम्ही गवताच्या छपराचा आणि कंदिलाचा आग्रह धरला असता. सॅबाइनचे ध्वनिशास्त्र, केरे यांचे उंच उचललेले छप्पर, पावसाच्या पाण्याचा हिशेब, आगीपासून संरक्षणाचे नियम, ही सर्व अर्वाचीन ज्ञानाचीच देणगी आहे, आणि ती आम्हांस हवी आहे. ज्या इमारतीत मुले प्रत्यही बसतात ती इमारतही त्यांना काही शिकवीत असते. बंद काचेची पेटी त्यांना शिकविते की, ऊन, वारा, पाऊस हे शत्रू आहेत आणि बिघाड झाला की कोणाला तरी बोलवावे. पडवीचे, कौलांचे सभागृह शिकवील की, पावसाशी सलोख्याने राहता येते आणि जे मोडते ते आपल्याला दुरुस्त करता येते. या दोहोंतील कोणता धडा घेऊन मुलांनी शाळेबाहेर पडावे, हा पालकसभेपुढील खरा प्रश्न आहे.

काढून टाकलेली ती जुनी कौले आजही शाळेच्या मागे, कुंपणाला टेकून रचलेली आहेत. त्यांवर शेवाळ चढले आहे, फटींतून नेचे उगवले आहेत. गेल्या महिन्यात आठवीच्या काही मुलांनी त्यांतील एक उचलून पाण्याने धुतले, तेव्हा मंगळूरच्या कारखान्याची उठावाची अक्षरे स्पष्ट दिसू लागली. मुले ती अक्षरे बोटांनी चाचपडत वाचीत होती. आम्ही सहज ढीग चाळून पाहिला. अर्ध्याहून अधिक कौले धड आहेत, वाजवून पाहिली तर खणखणीत वाजतात. पावसात उघड्यावर पडूनही ती कुजली नाहीत. ती आमच्याकडून एवढीच अपेक्षा करीत होती की, वर्षातून एकदा आम्ही त्यांच्याकडे पाहावे.

पालकसभेला येताना मंडळींनी शाळेच्या मागे एक फेरी मारावी, अशी आमची नम्र विनंती आहे. कार्यालयाच्या भिंतीवरील आराखडा सर्वांनी पाहिलाच आहे. ती कौलेही एकदा हातात घेऊन पाहावीत, फणसाच्या सावलीत घटकाभर उभे राहावे, आणि मग हात वर करावा. आम्ही एकदा घाईने हात वर केला होता. या वेळी विचार करून करणार आहोत.